रात्रीच्या वर्गातला नवा मास्तर

गेल्या श्रावणातल्या एका संध्याकाळी आमच्या शेजारच्या वहिनी दोन कागद घेऊन आल्या. वहिनी रोज डोंबिवलीहून ठाण्याला एका पतपेढीत नोकरीला जातात आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर बाहेरून बी. ए. करीत आहेत. दोन्ही कागदांवर एकाच प्रश्नाचे उत्तर होते : ‘शहरीकरणाचे सामाजिक परिणाम स्पष्ट करा.’ अक्षर दोन्हीकडे त्यांचेच. म्हणाल्या, “सर, यातलं एक मी लिहिलंय आणि एक मोबाइलमधल्या त्या कृत्रिम बुद्धीनं. ते मी नुसतं उतरवून काढलं. तुम्ही आयुष्यभर निबंध तपासलेत. ओळखा बघू माझं कोणतं.”

गद्याच्या चार ओळी वाचून लिहिणाऱ्याचा अंदाज बांधता येतो, असा प्रस्तुत लेखकाचा अनेक वर्षांचा समज. पहिल्या कागदाची सुरुवात ‘शहरीकरण ही आधुनिक काळातील एक महत्त्वाची प्रक्रिया आहे’ अशी होती; मग फायदे, मग तोटे, आणि शेवटी ‘अशा प्रकारे’. दुसऱ्या कागदावर वाक्ये जरा अडखळत होती. ‘चाळ’, ‘शेजारधर्म’ असे घरगुती शब्द अधूनमधून येत होते. मी दुसरा कागद ऐटीत पुढे सरकवला. “हा तुमचा.”

तो यंत्राचा होता. “साध्या बाईसारखं लिही” असे वहिनींनी त्याला सांगितले होते, आणि ते आज्ञाधारकपणे अडखळले होते. (असा अनुभव समीक्षकाला अधूनमधून यावा, प्रकृतीला बरा असतो.)

मी हसलो, पण वहिनी हसल्या नाहीत. पिशवीतून त्यांनी तिसरा कागद काढला. तो त्यांनी अभ्यासकेंद्रात दिलेला मूळ स्वाध्याय होता. म्हणजे पहिल्याच कागदाची, त्यांनी स्वतः लिहिलेल्या उत्तराची, मूळ प्रत. समासात लाल शाईने शेरा होता : ‘उत्तर यंत्राकडून लिहून घेतलेले दिसते. गुण नाहीत.’

संस्थेचे नाव सांगण्याचे कारण नाही. शेरा मारणाऱ्या मास्तरांशी माझे भांडणही नाही, कारण मी स्वतः नुकताच त्याच परीक्षेत नापास झालो होतो. परंतु त्या लाल शाईने मला अस्वस्थ केले. कृत्रिम बुद्धीने शिक्षणाचे वाटोळे होणार, की सोने होणार, ह्यावर गेली दोन-तीन वर्षे पुष्कळ लिहिले गेले आहे. ते बहुतेक शाळेतल्या मुलांविषयी किंवा वसतिगृहातल्या तरुणांविषयी असते. दिवसभर नोकरी करून, स्वयंपाक उरकून रात्री पुस्तक उघडणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्याविषयी कोणी फारसे बोलत नाही. वास्तविक ह्या यंत्राची खरी गरज त्यालाच आहे, आणि त्याच्यापासून खरा धोकाही त्यालाच.

आपल्याकडे प्रौढांचे शिक्षण ही नवी गोष्ट नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८५५ साली पुण्यात आपल्या घरी शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग भरवले. १९७१ मध्ये मुंबई विद्यापीठाने पत्रद्वारा शिक्षण आरंभले, आणि १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. प्रत्येक वेळी वर्गाची वेळ बदलली, जागा बदलली. पुस्तक शिष्याच्या घरी चालत गेले. मात्र एक उणीव राहूनच गेली. घरी पुस्तक आले, पण रात्री अकरा वाजता ‘हे मला कळले नाही’ असे ज्याला सांगावे तो माणूस काही आला नाही. समंत्रक भेटणार रविवारी. आणि रविवारी घरात पाहुणे.

प्रौढ विद्यार्थ्याला वेळ अपुरा पडतो हे तर खरेच. पण त्याची मोठी अडचण लाजेची आहे. वहिनींनी एकदा मला सांगितले, “वर्गात माझ्या मुलीच्या वयाच्या मुली बसतात. ‘अनुमान’ आणि ‘अनुभव’ यात फरक काय, हे मी त्यांच्यासमोर तिसऱ्यांदा कसं विचारू?” यंत्राला त्यांनी तो प्रश्न सात वेळा विचारला. एकदा पतपेढीच्या कर्जाचे उदाहरण घेऊन सांग म्हणाल्या, एकदा भाजीबाजाराचे. आणि सातव्यांदा त्यांना ते समजले. सात वेळा न कंटाळता सांगणारा मास्तर मी माझ्या नोकरीत पाहिला नाही. आरशातही नाही.

तेव्हा यंत्र हद्दपार करा म्हणणाऱ्यांच्या पंक्तीला मी बसणार नाही. ज्यांच्या घरी शिकलेले वडील, शिकवणीचे पैसे आणि स्वतंत्र खोली असते, त्यांना असा घरचा मास्तर पूर्वीपासून होताच. तो आता पतपेढीतल्या कारकुनाला मिळत असेल तर तक्रार कसली?

पण ह्या मास्तराचे दोषही पाहिले पाहिजेत, आणि समीक्षकाने ते मराठीत पाहिले पाहिजेत. तो चुकतो, आणि चुकताना त्याचा आवाज जराही कापत नाही. मी त्याला एका जुन्या लेखकाविषयी विचारले, तर त्याने दोन निराळ्या लेखकांची चरित्रे एकत्र शिवून माझ्यापुढे ठेवली. शिवण इतकी बेमालूम, की मला ती दिसली ती केवळ दोघांची पुस्तके माझ्या कपाटात होती म्हणून. ज्याच्या कपाटात ती नाहीत त्याने काय करावे? त्याचे मराठी वरवर स्वच्छ दिसते. आत इंग्रजीचा सांगाडा असतो. वस्तू ‘महत्त्वपूर्ण भूमिका बजावतात’, गोष्टी ‘केवळ अमुक नव्हे तर तमुक’ असतात, आणि कारणे नेमकी तीन असतात. त्याच्या गद्याला गाव नाही, वय नाही, कोणावर राग नाही.

हे सगळे लिहून झाल्यावर मी वहिनींचा पहिला कागद पुन्हा हाती घेतला, आणि मला ओशाळे वाटले. त्या गद्यालाही गाव नव्हते. ते त्यांना कोणी शिकवले? आपणच. ‘मुद्दे काढा, मुद्द्यांना अंक द्या, उदाहरण एकच द्या, शेवटी समारोप करा’ हे धडे पन्नास वर्षे आपण दिले. बाजारात मिळणाऱ्या गाइडांनी ते पाठ करून घेतले. आणि त्या गाइडातल्या उत्तरांना आपण दहापैकी सात गुण दिले. माणसाने यंत्रासारखे लिहावे ही शिस्त यंत्र येण्याच्या फार आधी तयार होती. आता यंत्र आले आणि आपण विद्यार्थ्याला दरडावतो आहोत, की तू यंत्रासारखा का लिहितोस?

यंत्राचे लेखन पकडणारी यंत्रेही निघाली आहेत. काही ठिकाणी त्यांच्या शब्दावर विद्यार्थ्यांचे गुण जातात. त्यांची कथा ऐकण्यासारखी आहे. चॅटजीपीटी काढणाऱ्या ओपनएआय कंपनीनेच जानेवारी २०२३ मध्ये असे एक साधन लोकांपुढे ठेवले. कंपनीच्याच सांगण्याप्रमाणे यंत्राने लिहिलेल्या शंभर मजकुरांपैकी ते २६ ओळखत होते, आणि माणसाने लिहिलेल्या शंभरांपैकी ९ यंत्राच्या नावावर टाकत होते. जुलैत ते मागे घ्यावे लागले. त्याच वर्षी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी अशी सात साधने तपासली. इंग्रजी ही ज्यांची मातृभाषा नाही अशा परीक्षार्थींचे ९१ निबंध त्यांनी साधनांपुढे ठेवले, तेव्हा सरासरीने निम्म्याहून अधिक निबंध यंत्राचे ठरवले गेले. अमेरिकन शाळकरी मुलांचे निबंध मात्र जवळजवळ सगळे माणसांचेच ठरले. कारण साधे आहे. अशी बरीच साधने मुख्यतः पुढचा शब्द किती अपेक्षित आहे हे मोजतात. ज्याचा शब्दसाठा बेताचा, जो शिकलेल्या चाकोरीतून जपून पावले टाकतो, त्याचा प्रत्येक पुढचा शब्द अपेक्षितच असणार. म्हणजे जो कष्टाने शिकला तोच चोर ठरतो, आणि ज्याला वाकडेतिकडे चालण्याचा आत्मविश्वास घरूनच मिळाला तो सुटतो. इंग्रजीत ही गत, तर मराठीत पकडणाऱ्याने कशाच्या जोरावर लाल शाई उचलावी?

यंत्र घाईने आणले की काय होते, हे ठाणे-कल्याणच्या विद्यार्थ्यांना निराळे सांगायला नको. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने उन्हाळी परीक्षांच्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचे ठरवले. उत्तरपत्रिका सतरा लाखांहून अधिक. त्या छापील कागदावरून पडद्यावर उतरवायच्या, आणि प्राध्यापकांची नवी सवय अजून व्हायची होती. जुलैअखेरची मुदत उलटली, निकाल महिनोन्महिने रेंगाळले, आणि ऑक्टोबरात कुलगुरूंना पद सोडावे लागले. ती कृत्रिम बुद्धी नव्हती; साधा पडदा होता. पडदा आणण्यात चूक नव्हती. थोड्या उत्तरपत्रिकांवर आधी करून पाहण्याचा धीर नव्हता, एवढेच.

समतेचाही प्रश्न आहे. ह्या यंत्रांचे चांगले रूप महिन्याच्या वर्गणीवर मिळते, फुकटचे रूप थोडे वापरले की थकते. वहिनींच्या घरात चांगला मोबाइल एकच, आणि तो मुलाचा. त्यात एक बारीक गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. ही यंत्रे मजकूर तुकडे करून वाचतात, आणि संस्थांना जेथे वापराप्रमाणे पैसे पडतात तेथे ते तुकड्यांवर आकारले जातात. त्यांची घडण मुख्यतः इंग्रजीवर झाल्यामुळे तेवढाच मजकूर देवनागरीत अधिक तुकड्यांत फुटतो. मराठीत शिकणाऱ्याला तेच ज्ञान महाग पडते, असा त्याचा सरळ अर्थ. मला वाटते, ही वर्गणी विद्यार्थ्याने भरू नये, संस्थेने भरावी. आणि यंत्र घरी नसेल त्याने वाचनालयात जाऊन वापरावे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. पुस्तक विकत घेणे ज्यांना परवडत नव्हते त्यांच्यासाठीच ही घरे उभी राहिली. तेथे एका टेबलावर हेही असावे. आणि शेजारी खरी पुस्तके असल्यामुळे मास्तराची शिवण तपासणेही सोपे जाईल.

पण मूळ दुरुस्ती प्रश्नपत्रिकेत आहे. त्या संध्याकाळी मी वहिनींना म्हटले, “कागद राहू द्या. तुम्ही डोंबिवलीला कशा आलात ते सांगा.”

त्या सांगू लागल्या. वडील गिरणीत. १९८२ चा संप झाला तेव्हा त्या सहा वर्षांच्या होत्या. लालबागची खोली विकून कुटुंब डोंबिवलीला आले. आई पहाटे तीनला पाण्यासाठी उठायची. लालबागला शेजारणीकडून वाटीभर साखर मागण्यात कमीपणा नव्हता. इथे दोन वर्षे आईने कोणाचे दार वाजवले नाही. वडिलांनी गाडीत पेन विकले आणि घरी सांगितले, की दुकानात नोकरी आहे. आईला ठाऊक होते. तिने शेवटपर्यंत तसे दाखवले नाही. मग शेजारधर्म परत आला तो लोकलच्या बायकांच्या डब्यात. “आमची चाळ आता सकाळी आठ ते पावणेनऊ भरते, सर,” वहिनी म्हणाल्या.

हे उत्तर त्यांनी स्वाध्यायात का लिहिले नाही, असे मी विचारले. “ते काय उत्तर झालं? ते तर आमच्या घरचं.”

पन्नाशीचा विद्यार्थी वर्गात येतो तो असे घरचे गाठोडे घेऊन, आणि आपण त्याला ते दाराबाहेर ठेवायला सांगतो. ‘शहरीकरणाचे परिणाम स्पष्ट करा’ ह्याऐवजी ‘पुस्तकात दिलेल्या परिणामांपैकी कोणता तुमच्या कुटुंबाने अनुभवला नाही, आणि का?’ असे विचारले, तर यंत्र मदत करील, पण पुरे पडणार नाही. हवी तेवढी मदत घेऊ द्यावी. कोठे घेतली ते दोन ओळींत लिहू द्यावे. आणि शंका आलीच तर शेरा मारण्याआधी माणसाला दहा मिनिटे समोर बसवून विचारावे. यंत्राच्या एकट्या साक्षीवर गुण कापू नयेत.

कोणी म्हणेल, हजारो विद्यार्थी, मूठभर मास्तर. दहा मिनिटे आणायची कोठून? आक्षेप खरा आहे आणि माझ्यापाशी त्याचे पुरते उत्तर नाही. तेच ते समजावून सांगण्यात मास्तराचा जो रविवार जातो तो यंत्राने वाचवला, तर त्यातली काही मिनिटे निघतील असे वाटते. मात्र तो वाचलेला वेळ मास्तर कमी करण्यासाठी वापरला जाईल अशी भीतीही वाटते, आणि संस्थांचा आजवरचा अनुभव पाहता भीतीचे पारडे जड आहे.

वहिनींनी फेरतपासणीचा अर्ज केला आहे. तो यंत्राकडून लिहून घेतला. “अर्ज त्यालाच चांगला येतो,” म्हणाल्या. सोबत नवे उत्तर जोडले आहे, पाच पानांचे, स्वतःचे. त्यात व्याकरणाच्या चुका आहेत. मी दाखवल्या, त्यांतल्या दोन त्यांनी दुरुस्त केल्या आणि बाकीच्या राहू द्या म्हणाल्या. अभ्यासकेंद्र दिवाळीच्या सुटीनंतर उघडेल. तोवर त्या पुढच्या स्वाध्यायाला लागल्या आहेत, आणि रात्री अकरानंतर त्यांच्या खिडकीत दिवा दिसतो.