‘स्मृतिचित्रे’ : अहंकार ओळखणारे आत्मचरित्र

लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र 1934 पासून भागाभागाने प्रसिद्ध झाले. ते बहुधा धर्मांतराची कहाणी म्हणून वाचले जाते. या टिपणात आपण ते अहंकाराची कहाणी म्हणून वाचू.

आधी पार्श्वभूमी. कवी नारायण वामन टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढे त्या नगर जिल्ह्यात पतीजवळ आल्या, पण सोवळे सुटले नाही. मग एकदा त्यांनी स्वतःलाच विचारले, जातिभेद देवाने केला की माणसाने? उत्तर मिळाल्यावर त्यांनी शिवाशिव सोडली. बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 मध्ये झाला. हा क्रम लक्षात घ्या. धर्म बदलला म्हणून अहंकार गेला, असे येथे घडलेले नाही.

ही नम्रता लेखनात कशी दिसते? धर्मांतराच्या अनेक कथनांत पूर्वायुष्य म्हणजे अंधार आणि नवे आयुष्य म्हणजे उजेड असतो. अशा मांडणीत नवा अहंकार लपलेला असतो. ‘मी त्या परूश्यासारखा नाही’ असे म्हणणारा मनुष्य नकळत परूशीच होतो. लक्ष्मीबाई हे टाळतात. मीठसुद्धा धुवून घेणाऱ्या आपल्या वडिलांच्या सोवळ्याला त्या हसतात, पण त्यांना खलपुरुष करत नाहीत. तेच हसू त्या स्वतःच्या अज्ञानावर वळवतात. टिळकांचा रागीटपणा आणि व्यवहारशून्यताही झाकत नाहीत. मोजमापातली चूक लपवायची नाही, नोंदवायची, हे आपण प्रयोगशाळेत शिकतो. लक्ष्मीबाईंची नम्रता त्याच जातीची आहे. स्वतःला क्षुद्र म्हणण्यापेक्षा त्या स्वतःची नोंद खरी ठेवतात.

तरीही ग्रंथाची एक मर्यादा सांगितली पाहिजे. नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती समाजात महार आणि मांग कुटुंबे मोठ्या संख्येने होती. ज्यांच्या हातचे पाणी चालत नव्हते, त्यांना काय वाटले असेल? सोवळे सोडणारीचे मन आपल्याला तपशिलात कळते, अपमान सोसणाऱ्यांचे फारसे कळत नाही. अहंकार सोडल्याची कथाही शेवटी अहंकार असलेल्याचीच राहते. हा प्रश्न जुना झालेला नाही. तमिळनाडूत काही ठिकाणी दलित ख्रिस्तींसाठी दफनभूमीतही वेगळी जागा राखल्याचे आढळले आहे.

व्यक्तीप्रमाणे समुदायालाही अहंकार होतो. ‘आम्ही आतले, तुम्ही बाहेरचे’ ही त्याची भाषा. टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्यांनाही जागा होती. दोन वर्षांतच, 1919 मध्ये, ते वारले आणि प्रयोग अपुरा राहिला. पण कुंपण ओलांडण्याचे काम उंच बाजूच्या माणसाने आधी करायचे असते, एवढे त्यातून दिसते.

म्हणून नम्रतेची कसोटी बोलण्याच्या सुरात शोधू नका. पंगतीत कोण कोणाशेजारी बसतो आणि आपली चूक कोण आधी सांगतो, ते पाहा.

विचार करा : हीच कथा लक्ष्मीबाईंच्या शेजारच्या दलित ख्रिस्ती स्त्रीने लिहिली असती, तर तिची सुरुवात कोणत्या प्रसंगाने झाली असती?