निषेध की विधी? एका संगणकीय सूचनेची चिकित्सा

संगणकाच्या पडद्यावर उमटणाऱ्या सूचनांना वाङ्मय म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. परंतु ती वाक्ये आहेत, आणि वाक्य म्हटले की त्याच्या अर्थाची चिकित्सा हा भाषेच्या अभ्यासकाचा विषय होतो. प्रस्तुत टिपणात अशाच एका वाक्याचा विचार करावयाचा आहे. लिनक्स प्रणालीवर ‘रूट’ ह्या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या नावाने क्रोमियम हा ब्राउझर सुरू करू गेल्यास तो सुरू होत नाही. टर्मिनलवर मात्र एक इंग्रजी वाक्य उमटते : ‘रनिंग ॲज रूट विदाऊट नो-सँडबॉक्स इज नॉट सपोर्टेड.’ मराठीत त्याचा आशय असा : ‘नो-सँडबॉक्सशिवाय रूट म्हणून चालविण्याची सोय नाही.’

वाक्याचा संदर्भ थोडक्यात सांगितला पाहिजे. युनिक्सच्या परंपरेत ‘रूट’ म्हणजे शून्य हा ओळखक्रमांक असलेला वापरकर्ता. फाइलींच्या मालकीचे नेहमीचे निर्बंध त्यास अडवीत नाहीत. ब्राउझर तर प्रत्येक पानाबरोबर परक्याने लिहिलेला प्रोग्रॅम आपल्या यंत्रावर चालवीत असतो. म्हणून येथे दोन भिंती उभ्या केलेल्या असतात. पान रेखाटणाऱ्या प्रक्रियेस ‘सँडबॉक्स’ नावाच्या कुंपणात कोंडलेले असते व कर्नलकडे तिने काय मागावे ह्यास मर्यादा घातलेली असते, ही पहिली भिंत. ते कुंपण फुटले तरी घुसखोराच्या हाती साध्या वापरकर्त्याचेच अधिकार लागावेत, ही दुसरी. कोणत्याही प्रोग्रॅमला कामापुरताच अधिकार असावा, हे तत्त्व सॉल्ट्झर व श्रोडर ह्यांनी १९७५ च्या आपल्या निबंधात मांडले, ते हेच. ‘नो-सँडबॉक्स’ हा पर्याय पहिली भिंत पाडतो. रूट म्हणून चालविल्याने दुसरी आधीच पडलेली असते.

आता प्रत्यक्ष घडलेला प्रसंग. प्रस्तुत लेखकाच्या एका विद्यार्थ्याने बोलींच्या ध्वनिमुद्रणांचा संग्रह असलेल्या संगणकावर परवानग्यांची कटकट नको म्हणून रूटच्या नावाने प्रवेश केला. ब्राउझरने वरील वाक्य दाखविले. विद्यार्थ्याने तत्काळ आज्ञेस ‘नो-सँडबॉक्स’ जोडले आणि काम सुरू झाले. ‘हे का केलेस?’ असे विचारता तो म्हणाला, ‘सर, वाक्यातच तसे लिहिले आहे.’ त्याचे उत्तर चूक ठरविणे व्याकरणाच्या आधारे तरी शक्य नाही.

कारण ह्या वाक्यात विदाऊट, नो आणि नॉट असे तीन नकार आहेत. पहिले दोन एकमेकांस छेदतात; उरतो तो अर्थ ‘सँडबॉक्ससह रूट चालणार नाही’ एवढाच. ‘रूट म्हणून चालवू नये’ असे वाक्य कोठेही म्हणत नाही. शिवाय ‘-शिवाय नाही’ ह्या रचनेचा व्यवहारातील अर्थ पाहावा. ‘तिकिटाशिवाय प्रवेश नाही’ ह्या पाटीने कोणी परत फिरत नाही. तो तिकीट काढतो. ‘चपला काढल्याशिवाय आत येऊ नये’ हे वाचून माणूस चपला काढतो व आत जातो. रूप निषेधाचे, कार्य विधीचे. मीमांसकांच्या परिभाषेत सांगावयाचे तर येथे क्रियेशी संबद्ध असा प्रसज्यप्रतिषेध दिसतो, पण वाचकापर्यंत पोहोचतो तो पर्युदास : अमुक वगळून, एरवी चालेल. क्रोमियमच्या वाक्यात तिकिटाच्या जागी भिंत पाडण्याचा पर्याय बसला आहे. इशाऱ्यानेच किल्ली हाती दिली आहे.

विसंगती येथेच संपत नाही. पर्याय जोडून ब्राउझर उघडताच वरच्या पट्टीत दुसरी सूचना दिसते : आपण वापरलेल्या ‘नो-सँडबॉक्स’ पर्यायास आधार नाही, स्थैर्य व सुरक्षितता ह्यांस बाध येईल. म्हणजे पर्यायावाचून आधार नाही आणि पर्यायासही आधार नाही. धोक्याचे स्पष्ट विधान आले, परंतु कृती घडून गेल्यावर.

ह्यावर दोन आक्षेप संभवतात. एक असा की, ही सूचना जाणकारांसाठी आहे. स्वयंचलित चाचण्यांत व रूटच्याच नावाने चालणाऱ्या कंटेनरांत हा पर्याय समजून-उमजून वापरतात. हे खरे, पण सूचना पाहणारा प्रत्येक जण जाणकार नसतो. काली लिनक्ससारख्या वितरणात तर २०२० च्या पहिल्या आवृत्तीपर्यंत वापरकर्ता मुळातच रूट असे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. एकट्याच्या संगणकावर मोलाचे ते सारे त्याच्याच फाइलींत असते. मग रूट काय आणि साधा वापरकर्ता काय? हे अर्धसत्य आहे. साध्या वापरकर्त्याच्या फाइली वाचविते ती पहिली भिंत, म्हणजे सँडबॉक्स. आणि वाक्य पाडावयास सुचविते ती नेमकी तीच. आक्षेपाने आमच्या मताला बळकटीच येते.

मराठीत नकाराची तीन रूपे वेगळी आहेत. ‘नाही’ वस्तुस्थिती सांगते, ‘नये’ मनाई करते, ‘नको’ अनिच्छा दर्शविते. इंग्रजी ‘नॉट’मध्ये हे भेद बुजतात. संगणकीय मराठीत रूढ झालेले ‘समर्थित नाही’ हे भाषांतर त्या संदिग्धतेची नक्कल करते व आपल्या भाषेचे सामर्थ्य वाया घालविते. भाषांतरकर्त्याने येथे निवड केलीच पाहिजे, आणि ती अशी असावी : ‘ब्राउझर रूट म्हणून चालवू नये. साध्या वापरकर्त्याच्या नावाने प्रवेश करून तो पुन्हा सुरू करावा.’ सँडबॉक्स बंद करण्याच्या पर्यायाचा येथे उच्चारही नसावा. ज्यास त्याची खरी गरज आहे तो तो शोधून काढील.

त्या संगणकावरील ध्वनिमुद्रणे सुखरूप आहेत. परंतु ज्या वृद्ध स्त्रीपुरुषांनी विश्वासाने आपले बोल आमच्या स्वाधीन केले, त्यांच्या विश्वासाचे रक्षण त्या दिवशी एका सदोष वाक्यावर अवलंबून होते, आणि ते वाक्य त्या कामी उपयोगी पडले नाही.