‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ : एका वाक्याची चिकित्सा

या मालेत आम्ही आजवर मोठमोठ्या ग्रंथांवर बोललो. आजची संहिता मात्र जेमतेम तीन वाक्यांची आहे. मध्ये संगीत आहे. लेखकाचे नाव कुठे नाही आणि वाचक लाखो आहेत. त्यातला एकही वाचक ती आवडीने ऐकत नाही, ही गोष्ट वेगळी. (हशा) फोनवर ‘होल्ड’ला ठेवल्यावर जे ऐकू येते, ती ही संहिता.

आमचा तिच्याशी परिचय कसा झाला, ते आधी सांगतो. मागच्या वर्षी आम्ही उभयता न्यू जर्सीला मुलाकडे होतो. त्याने आम्हा दोघांसाठी सिअ‍ॅटलहून निघणाऱ्या अलास्काच्या क्रूझचे आरक्षण केले. संगणकावर सात-आठ मिनिटांत काम झाले, पैसेही त्याने पूर्ण भरून टाकले. पुढे सौभाग्यवतींचा घोटा मोडला, प्लास्टर चढले आणि डॉक्टर नाही म्हणाले. आता रद्द करायचे, तर संकेतस्थळावर ती सोयच नाही. त्याला फोनच करायला हवा. दंड न भरता रद्द करण्याचा शेवटचा दिवस तोच होता. (डॉक्टरांचा निर्णय दोन दिवस आधी झाला होता, हे कबूल करतो. घरात ‘बघू, बरा होईल पाय’ चालले होते.) संध्याकाळी सात चाळीसला फोन लावला. नऊ चोपन्नला तो आपोआप कट झाला. दहाला त्यांचे कार्यालय बंद. दुसऱ्या दिवशी पन्नास मिनिटांनी एक मुलगी बोलली, अतिशय नम्रपणे बोलली, आणि म्हणाली, ‘सर, मुदत काल संपली.’ पाव भाडे गेले.

आता संहितेकडे वळू. पहिले वाक्य, ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.’ आपल्या नैयायिकांनी वाक्यातून अर्थ कळायला तीन गोष्टी लागतात असे सांगितले: आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी. अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ ज्यांनी महाविद्यालयात घोकला असेल, त्यांना उदाहरणे आठवतील. ‘अग्नीने शिंपावे’ या वाक्याचे व्याकरण ठीक आहे, पण त्यात योग्यता नाही. कारण शिंपणे आगीने होत नाही, अर्थाला बाध येतो. आता आमच्या वाक्याची गंमत पाहा. ते ऐकू येते कधी? कॉल घेतलेला नसतो तेव्हाच! घेतला की ते बंद होते. म्हणजे ज्या परिस्थितीत ते उच्चारले जाते, तीच परिस्थिती त्याचा बाध करते. अग्नी निदान एखाद्या वेळी विझलेला असू शकेल, इथे तीही सोय नाही.

सन्निधीचे उदाहरण तर आमच्यासाठीच रचलेले असावे. ‘गाय’ हा शब्द एका प्रहरी उच्चारला आणि ‘आण’ दुसऱ्या प्रहरी, तर ऐकणाऱ्याला काही बोध होणार नाही, असे ते शास्त्र सांगते. प्रहर म्हणजे तीन तास. आम्ही जवळजवळ पाऊण प्रहर थांबलो, तेव्हा आमचा प्रश्न आणि त्यांचे उत्तर यांच्यात सन्निधी नव्हती, हे शास्त्राधारे सिद्ध आहे. (हशा)

दुसरे वाक्य, ‘सध्या नेहमीपेक्षा जास्त कॉल येत आहेत.’ आम्ही सकाळी ऐकले, रात्री ऐकले, रविवारी ऐकले. जे नेहमीच नेहमीपेक्षा जास्त असते, त्याला नेहमीचे का म्हणू नये? हे वाक्य दोष परिस्थितीवर ढकलते. पूर आला, त्याला आम्ही काय करणार, असा त्याचा सूर आहे.

पण फोनच्या रांगेचे गणित काही कालचे नाही. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या ए. के. अर्लांग या डॅनिश गणितज्ञाने १९०९ साली कॉल कसे येतात यावर निबंध लिहिला आणि १९१७ मध्ये किती माणसे नेमली तर किती थांबावे लागेल याची सूत्रे दिली. सोपे रूप सांगतो. एकच माणूस फोन घेतो आहे आणि प्रत्येक संभाषणाला सरासरी पाच मिनिटे लागतात असे धरा. तो ८० टक्के वेळ कामात असेल, तर सरासरी वीस मिनिटे थांबावे लागते. ९० टक्के असेल, तर पंचेचाळीस मिनिटे. ९५ टक्के असेल, तर पंचाण्णव मिनिटे! माणसे जास्त असली की आकडे उतरतात, पण वळण तेच राहते: शेवटच्या पाच-दहा टक्क्यांत रांग एकदम फुगते. म्हणजे कर्मचाऱ्याचा एकही क्षण रिकामा जाऊ नये असे ठरवले, की ग्राहकाचे तास जाणार हेही ठरते. मार्च २०२० मध्ये साथीमुळे जगभरची क्रूझ जहाजे थांबली, तेव्हा फोन तुंबले, ते आम्ही समजू शकतो. एरवीच्या मंगळवारी तुंबतात तो पूर नव्हे, तो हिशेब आहे. आमच्याशी बोललेली ती मुलगी मात्र या हिशेबात आमच्याच बाजूला बसलेली आहे, हे विसरू नये. तिचीही मिनिटे कोणीतरी मोजत असते.

संगीताबद्दल थोडे बोलायला हवे. होल्डच्या संगीतातली बहुधा सर्वांत जास्त ऐकली गेलेली रचना ‘ओपस नंबर वन’. टिम कार्लटन या सोळा वर्षांच्या मुलाने १९८९ मध्ये मित्राबरोबर गॅरेजमध्ये ती ध्वनिमुद्रित केली. पुढे तो मित्र सिस्को कंपनीत लागला आणि तिच्या फोनवर ही धून होल्डसाठी बसली. धून वाईट नाही हो! पण पारंपरिक टेलिफोन साधारण ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढाच आवाज पोचवतो. बोलणे समजायला तो पुरतो. संगीताचा खर्ज आणि वरची झळाळी दोन्ही जातात, उरतो चोथा. शिवाय दर मिनिटाला धून तुटते, आपण ‘हॅलो’ म्हणून सरसावतो, आणि पुन्हा तेच वाक्य. विलंबित ख्यालातही श्रोत्याला ताटकळत ठेवतात. पण तिथे ठेका सांगत असतो की सम येते आहे, अजून इतक्या मात्रा आहेत. होल्डमध्ये ठेका आहे आणि सम नाही.

आषाढीला पंढरपूरच्या दर्शनबारीत माणसे तासन्‌तास, कधी दिवसभर उभी राहतात. तिथे पुढची पाठ दिसते, शेजारची बाई लाडू देते, रांग चार पावले सरकते. डेव्हिड मेस्टर या अभ्यासकाने १९८५ मध्ये लिहिले की अनिश्चित, विनाकारण आणि एकट्याने थांबणे अधिक लांब वाटते. वारकऱ्यांना हे सांगायला नको. फोनच्या रांगेत आपण कितवे आहोत हेसुद्धा कळत नाही.

आमच्या पिढीतले श्रोते म्हणतील, ट्रंक कॉल विसरलात काय? मुळीच नाही. ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग असे प्रकार होते आणि ऑर्डिनरीला अर्धा दिवस जाई. पण नंबर नोंदवला की रिसीव्हर खाली ठेवायचा. आपण जेवत होतो, आंघोळ करत होतो. लाइन मिळाली की एक्स्चेंजच आपल्याला हाक मारी. म्हणजे ज्याला आज ‘कॉलबॅक’ म्हणून सुविधा म्हणून मिरवतात, ती त्या गरीब व्यवस्थेत होती. आणि आपल्याकडच्या दूरसंचार कंपन्यांना तर ‘ट्राय’चा नियमच आहे: ९५ टक्के कॉलना ९० सेकंदांत माणसाने उत्तर द्यावे. पाळतात किती, तो विषय निराळा. पण थांबण्याला मर्यादा असते, हे कायद्याने म्हटले तरी आहे.

क्रूझच्या तिकिटात मर्यादा आहेत, पण फक्त आपल्यासाठी. १९९१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका तिकिटावरचे बारीक अक्षरातले कलम वैध ठरवले. जहाजावर पडून दुखापत झालेल्या, वॉशिंग्टन राज्यातल्या बाईंनी दावा लावायचा तो देशाच्या दुसऱ्या टोकाला, फ्लोरिडात. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी त्याला विरोध नोंदवला होता. आमचा आक्षेप त्याच जातीचा आहे. मुदतीचा दिवस मोजताना कंपनीचे घड्याळ चालू होते. आम्ही त्यांच्याच दारात उभे होतो ती दोन तास चौदा मिनिटे मोजताना ते बंद होते. एकाच व्यवहारात दोन काळ.

आम्ही पत्र लिहिले. ‘हा कॉल गुणवत्तेसाठी रेकॉर्ड केला जाऊ शकतो’ हे तिसरे वाक्य. तेव्हा ते रेकॉर्डिंग तपासा, असे कळवले. उत्तर आले, प्रतिनिधी बोलू लागल्यानंतरच रेकॉर्डिंग सुरू होते. मग मुलाने आपल्या फोनमधली कॉलची नोंद छापून पाठवली, वेळेसकट. सहा आठवड्यांनी निकाल लागला: पैसे परत नाहीत, पण तेवढ्या रकमेचे पुढच्या प्रवासासाठीचे क्रेडिट, एक वर्षाच्या मुदतीचे. ते कसे वापरायचे याची चौकशी करण्यासाठी पत्राच्या तळाशी एक फोन नंबर दिला आहे. (हशा)