दोनशे नंबरी

शंभर नंबरी सोने आम्हाला ऐकून माहीत होते. टायरही दोनशे नंबरी असतो हे कॅलिफोर्नियात चिरंजीवांकडे गेलो तेव्हा कळले. पोराला नवाच नाद लागला होता. पैसे भरून लगुना सेकाच्या शर्यतीच्या ट्रॅकवर जायचे आणि सोमवारी ज्या गाडीतून ऑफिसला जायचे, तीच रविवारी जीव खाऊन पळवायची. शर्यत नाही, बक्षीस नाही. म्हणजे नुसताच खर्च.

आता या टायरांच्या वाङ्मयाविषयी. प्रत्येकाच्या अंगावर 'ट्रेडवेअर'चा आकडा छापलेला असतो. टेक्सासच्या रस्त्यांवर टायर साडेअकरा हजार किलोमीटर पळवून त्याची झीज एका ठरीव टायरशी ताडायची, ही सरकारी रीत. ठरीव टायर 100 धरला, तर 200वाल्याने दुप्पट टिकावे. पण आकडा टाकतो कोण? खुद्द कारखानदार! आपल्या पुस्तकाला आपणच प्रस्तावना लिहावी, तसे. बरे, पकड किती याबद्दल त्या आकड्यात अवाक्षर नाही. मिशलिनचा पायलट स्पोर्ट फोर एस 300, योकोहामाचा अ‍ॅडव्हान ए-झिरो-फाइव्ह-टू 200. त्यातून अमेरिकेतल्या बऱ्याच क्लबांनी रस्त्यावरच्या टायरांच्या गटाला किमान 200ची अट घातली. झाले! पस्तीसला पास म्हटले की काही पोरे नेमके पस्तीसच पाडतात, तसे सगळे शर्यतवेडे टायर बरोबर 200वर येऊन बसले.

त्या दिवशी चिरंजीवांच्या गाडीला 300वाले होते. कोणाचे ते विचारू नका. कॉर्कस्क्रू नावाच्या वळणावर गाडी सुमारे 18 मीटर खाली उतरते, म्हणजे पाच मजल्यांचा जिनाच. ते बघायची माझी छाती नव्हती. मी शेवटच्या, अकराव्या वळणाशी उभा राहिलो. जन्मभर मैफिली ऐकलेल्या, तेव्हा कान तेवढा तयार. टायर आधी खर्जात गुणगुणत, वेग वाढला की पट्टी चढे, आणि फारच झाले तर किंचाळत. शेजारी बसलेला शिक्षकही म्हणे हेच ऐकत होता. गुणगुणणे ठीक, किंचाळी आली की आवर. पाच फेऱ्यांत रबर तापून ढिले पडले. हवेचा दाब 30 वरून 38 वर गेला. चिरंजीव गुडघे टेकून हवा सोडत बसले. घरी अभ्यासाला कधी असे बसले नाहीत.

दुपारी मित्राचे 200वाले चढवले. फेरी 3 सेकंदांनी लवकर! पण टायर गाईनात. मला चुकल्यासारखे झाले. चौथ्या फेरीला माझ्यासमोर एकच किंकाळी, गाडी गर्रकन फिरली आणि आल्या दिशेला तोंड करून उभी राहिली. माझे पाय तिथेच बसले.

"काय ग्रिप आहे, बाबा!" पोरगा उतरून म्हणाला.

"होती," मी म्हणालो.

निष्णात माणसाला तो टायर वेळेत कळत असेल. माझ्या मते, शिकाऊ माणसाने आधीपासून बोलणाराच टायर घ्यावा. 3 सेकंद गेले तर गेले. चिरंजीवांना पटले की नाही, कोण जाणे. पण संध्याकाळी 300वालेच पुन्हा चढले. सकाळी सोडलेली हवा परत भरताना तो हळूच म्हणाला, "बाबा, आईला सकाळचंच गाणं सांगा हं."