‘श्वास’ आणि दुखण्यांतले आनंद

क्षयरोगाला कथाकादंबऱ्यांत एके काळीं मोठा मान होता. नायिकेनें खोकावें, रुमालावर रक्ताचा ठिपका दिसावा आणि वाचकाच्या डोळ्यांस पाणी यावें, हा क्रम पुष्कळ दिवस चालला. कर्करोगाच्या वांट्याला असला काव्यमय मान कधींच आला नाहीं. सूझन सोंटाग या अमेरिकन लेखिकेनें स्वतः या रोगाचे उपचार घेतल्यानंतर १९७८ सालीं एक प्रबंध प्रसिद्ध केला, त्यांत या भेदाची मीमांसा आहे. क्षयाला लोकांनीं हळुवारपणाचें रूप दिलें आणि कर्करोगाला लढाईचें, असें तिचें म्हणणें. आपल्याकडील मृत्युवार्ता वाचल्या तरी याची साक्ष पटते. कर्करोगानें गेलेला मनुष्य नुसता जात नाहीं. तो ‘झुंज’ देऊनच जातो. मग जो झुंजला नाहीं, ज्यानें खिडकीशीं बसून शेजारच्या वाडींतील केळीचे घड मोजण्यांत दुपार घालविली, त्याच्या त्या दुपारीला वाङ्मयांत कांहीं जागा आहे कीं नाहीं? हा प्रश्न मनांत धरून आम्हीं संदीप सावंत यांचा ‘श्वास’ हा चित्रपट पुन्हां एकवार पाहिला.

वाङ्मयाच्या मासिकांत चित्रपटाची चर्चा कशाला, असें कोणी म्हणेल. त्यास उत्तर इतकेंच कीं, या चित्रपटाचें मूळ माधवी घारपुरे यांच्या कथेंत आहे, आणि अत्र्यांच्या ‘श्यामची आई’नंतर जवळजवळ पन्नास वर्षांनीं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचें राष्ट्रीय पारितोषिक मराठीकडे आलें, तें याच कृतीमुळें. २००४ सालीं तो प्रदर्शित झाला तेव्हां त्याचें कौतुक पुष्कळ झालें. पण कौतुकाच्या भरांत त्याचा नेमका गुण कोणता, हें सांगावयाचें बहुधा राहून गेलें.

कथानक थोडक्यांत असें. कोकणांतील एका खेड्यांतून परशुराम नांवाच्या लहान मुलाला त्याचे आजोबा डोळे दाखविण्यासाठीं शहरांत आणतात. मुलाच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांस कर्करोग झालेला आहे. जीव वांचवायचा तर दृष्टि गमवावी लागणार, असा डॉक्टरांचा निर्णय होतो. (हा रोग बहुधा अगदीं लहान मुलांना होतो, बाहुलींत पांढरट चमक दिसणें हें त्याचें एक लक्षण. तें वेळींच ओळखलें तर आज पुष्कळदां डोळाही राखतां येतो, हें जातां जातां सांगून ठेवणें आम्हांस कर्तव्य वाटतें.) आतां हें मुलाला सांगायचें कोणीं, आणि कोणत्या शब्दांत? चित्रपटाचा मोठा भाग या एका पेंचांत जातो. पुढें शस्त्रक्रिया लांबते, आणि आजोबा नातवाला घेऊन इस्पितळांतून नाहींसे होतात. एकच धांवाधांव उडते, डॉक्टर संतापतो. आणि आजोबा काय करीत असतात? डोळे आहेत तोंवर नातवाला शहर दाखवीत असतात.

दिग्दर्शकाची खरी कसोटी येथें होती. हलक्या हाताच्या कलावंतानें या प्रसंगीं आजोबांच्या तोंडीं जीवनाविषयीं चार सुभाषितें घातलीं असतीं, अथवा मुलाकडून वयाला न शोभणारें शहाणपण वदविलें असतें. सावंतांनीं दोन्ही मोह टाळले. अरुण नलावडे यांचा आजोबा हा तत्त्वज्ञ नव्हे. थकलेला, भेदरलेला, शहराला बिचकणारा असा तो खेडवळ म्हातारा आहे. अश्विन चितळे याचा परशुराम हट्ट करतो, चिडतो, कंटाळतो. दुखणाईत मूल हें आधीं मूल असतें, ही साधी गोष्ट पडद्यावर क्वचितच दिसते. त्या दिवसाच्या भटकंतीनें रोग हटत नाहीं, शस्त्रक्रिया टळत नाहीं, कोणाला बोधही होत नाहीं. पाहण्यासारखें आहे म्हणून पाहावयाचें, एवढेंच त्या दिवसाचें प्रयोजन. आणि त्या आनंदाची किंमतही तेवढ्यामुळेंच वाढते.

याच्या शेजारीं हृषीकेश मुखर्जींचा १९७१ सालचा ‘आनंद’ ठेवून पाहावा. आंतड्याच्या कर्करोगानें खंगत चाललेला तो हसरा तरुण आमच्या पिढीला अजून प्रिय आहे, आणि आम्ही त्याचे उणें काढूं इच्छीत नाहीं. तथापि त्याचें हसणें सदैव दुसऱ्याच्या कामीं येत असतें: डॉक्टर मित्राला तें मृदु करतें, प्रेक्षकाला धीर देतें. अशा नायकाला एखादा दिवस नुसतें भिंतीकडे तोंड करून पडून राहण्याची मुभाच नाहीं. टॉल्स्टॉयनें १८८६ सालीं प्रसिद्ध झालेल्या कथेंत इव्हान इल्यिचला याहून अधिक ओळखलें होतें. घरचीं माणसें त्याच्याशीं खोटेपणानें वागतात. त्याला बरें वाटतें तें गेरासिम हा नोकर त्याचे पाय आपल्या खांद्यावर घेऊन बसतो तेव्हां. त्या सुखांत कसलाही धडा नाहीं. पाय उंच राहिले कीं वेदना थोडी कमी वाटते, इतकेंच.

हा केवळ कलेचा प्रश्न असता तर आम्हीं तो इतका लांबविला नसता. आमच्या वसई-विरार भागांतून कित्येक माणसें या दुखण्यापायीं परळची वाट धरतात. १९४१ सालीं तेथें टाटा स्मारक रुग्णालय उघडलें, तेव्हांपासून ‘परळला नेलें’ या दोन शब्दांचा अर्थ घरोघर कळतो. असा रोगी घरीं असला कीं समाचाराला येणारे लोक उंबऱ्यांतच आवाज उतरवितात. मग एक तर डोळे पुसणें, नाहीं तर ‘धीर सोडूं नका’ असा उपदेश! रोग्याला मात्र बाजारांत चिंबोरी आली कां, आगाशीचीं सुकेळीं यंदा कशीं आहेत, हें विचारावयाचें असतें. (कर्क म्हणजे खेंकडाच, गांठीभोंवतीं पसरलेल्या शिरा पाहून ग्रीक वैद्यांनीं रोगाला हें नांव दिलें, असें सांगतात. आमच्या किनाऱ्यावर मात्र खेंकडा म्हटला कीं आधीं कालवण आठवतें, हें त्या वैद्यांस कोठून ठाऊक असणार?) त्याच्या त्या प्रश्नाला कोणी नीट उत्तर देत नाहीं, उलट, ‘पाहा, कसा आनंदी राहतो!’ म्हणून त्याच्या देखतच त्याची वाखाणणी होते. बिचाऱ्याची चिंबोरी बाजूला राहते आणि तो उदाहरण होऊन बसतो. परशुरामाला त्याच्या आजोबांनीं उदाहरण होऊं दिलें नाहीं.

इतकें असूनही ‘श्वास’विषयीं आमचा एक आक्षेप आहे. इस्पितळांतील आरडाओरडा जरा नाटकी झाला आहे, हा किरकोळ दोष आम्ही सोडून देतों. मुख्य अडचण अशी कीं, चित्रपटानें निवडलेला दिवस हा शेवटचा दिवस आहे. उद्यां डोळे जाणार हें माहीत असल्यावर रस्त्यावरची प्रत्येक वस्तु आपोआप मोलाची होते. मुदतच कलावंताचें निम्में काम करून टाकते. बहुतेक रोग्यांना अशी मुदत मिळत नाहीं. त्यांचे उपचार महिनोन्‌महिने, कधीं वर्षानुवर्षें चालतात. तोंडाची चव जाते, आणि एखाद्या सकाळीं नुसती पेज गोड लागते. केस जातात, पुढें ते परत येतात, तेव्हां आरशापुढें थोडा अधिक वेळ जातो. ऐंशीव्या नव्वदाव्या दिवसाच्या या आनंदाला पार्श्वसंगीत नसतें. तो रंगविणें शेवटच्या दिवसापेक्षां किती तरी कठीण आहे. दृष्टि गेल्यानंतरच्या परशुरामाच्या सकाळी कशा उजाडल्या, शाळेची वाट त्यानें पायांनीं कशी शिकली, पावसाचा आवाज त्याला कोणत्या छपरावर कसा ऐकूं आला, हें पाहावयास आम्ही आणखी तासभर आनंदानें बसलों असतों.

दादरहून संध्याकाळीं सुटणाऱ्या विरार गाडींत कधीं कधीं असा एखादा प्रवासी दिसतो. हातांत परळच्या कागदांची पिशवी, अंगांत त्राण नाहीं, भोंवतीं ही गर्दी. कोणी तरी उठून त्याला खिडकीची जागा देतो. भाईंदर सुटलें कीं गाडी खाडीच्या पुलावर येते, पाणजू बेट मागें पडतें आणि खारा वारा आंत शिरतो. तो मनुष्य पिशवी मांडीवर घट्ट धरून तोंड बाहेर करतो, आणि नायगांव येईपर्यंत आंत घेत नाहीं.