पाण्याचा अपुरा धडा

पाण्याच्या शुद्धीकरणाचा धडा शाळेत पिढ्यान्‌पिढ्या एकाच क्रमाने शिकवला जातो: पाणी निवळू द्या, तुरटी फिरवा, गाळा, उकळा. कॉलरा, कावीळ, विषमज्वर यांच्याविरुद्ध हा धडा मोलाचाच आहे. आमची तक्रार आहे ती तो जिथे थांबतो त्याबद्दल. नितळ आणि जंतुरहित पाणी म्हणजे सुरक्षित पाणी, अशी विद्यार्थ्याची समजूत होते. नांदेड जिल्ह्यातील किनवटसारख्या भागात ही समजूत महाग पडते.

नांदेडच्या पूर्व भागात ग्रॅनाइट व नाइस जातीचे खडक आहेत. त्यांतील खनिजांमधून फ्लोराइड भूजलात विरघळते. लातूरकडे खडक बेसाल्टचा. तरी तिथेही काही ठिकाणी खोल बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आढळते, कारण खोलवरचे पाणी खडकाच्या संपर्कात फार काळ राहते. भारतीय मानकानुसार (२०१२) लिटरमागे १ मिलिग्रॅम फ्लोराइड चालते; दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत. याहून जास्त फ्लोराइड असलेले पाणीही दिसायला नितळच असते. उकळून फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटले की त्याचे प्रमाण वाढते.

याची पहिली खूण वर्गातच दिसते. पक्के दात हिरडीत घडत असताना, साधारण आठव्या वर्षापर्यंत, फ्लोराइड जास्त पोटात गेले तर दातांवर खडूसारखे पांढरे किंवा पिवळे-तपकिरी आडवे पट्टे उमटतात. ते घासून जात नाहीत. तरी ‘दात घासत नाहीस’ म्हणून बोलणी खातो तो मुलगाच! अपुऱ्या धड्याचा हा सर्वांत अन्यायकारक परिणाम. तेच पाणी वर्षानुवर्षे पीत राहिल्यास सांधे आखडतात, कणा ताठरतो आणि तो पूर्ववत होत नाही.

हे ज्ञान नवे नाही. नेल्लोर भागातील अशा रुग्णांची नोंद १९३७ सालीच झाली होती. नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने विकसित केलेल्या नालगोंडा पद्धतीत पाणी तपासून, त्या मानाने चुना आणि तुरटी घालून फ्लोराइड कमी करतात. धड्यातली तुरटी गाळ बसवण्यापुरतीच असते. तिने हे काम होत नाही.

जंतू वेगळे आणि विरघळलेले क्षार वेगळे, एवढे एक वाक्य धड्यात हवे. ते छापून येईपर्यंत शिक्षकांनी थांबू नये. शाळेच्या हातपंपाचा तपासणी अहवाल ग्रामपंचायतीकडून मागवावा, तो वर्गात वाचावा आणि फ्लोराइडचा आकडा मुलांनाच मानकाशी ताडून पाहू द्यावा.