झटक्याची गोष्ट आणि वर्षांची गोष्ट

विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी विचारलं, हे व्याख्यान साहित्यावर आहे की डॉक्टरकीवर? साहित्यावरच आहे. पण बायपोलर आजाराबद्दल चार गोष्टी सांगितल्याशिवाय पुस्तकांबद्दल धड बोलता येणार नाही. कारण आमची तक्रारच अशी आहे, की आपल्या कथा-कादंबऱ्यांनी आणि सिनेमांनी मनाच्या आजाराचं वर्णन पुष्कळ केलं, पण त्याला लागणारा वेळ मोजला नाही.

आपल्या ओळखीची गोष्ट कशी असते? माणूस चांगला असतो, काहीतरी घडतं, तो बिघडतो, कुणीतरी प्रेमानं सांभाळतं, तो सावरतो. पडदा. जुन्या हिंदी सिनेमात तर डोक्याला मार लागून वेड लागायचं आणि दुसरा मार लागला की उतरायचं. मराठीत त्यापेक्षा फार बरं काम झालंय. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' स्किझोफ्रेनियावर होता. त्यांचाच 'कासव' नैराश्यावर होता, आणि त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं. दोन्ही सिनेमे आम्हाला आवडतात. पण 'कासव' ही एका तरुणाच्या एका कठीण काळाची गोष्ट आहे. तो काळ सरला की सिनेमा संपतो. बायपोलरमध्ये खरी गोष्ट तिथून पुढे सुरू होते.

या आजाराची पहिली नीट ओळखच मुळी काळावरून झाली. 1854 साली पॅरिसमध्ये फाल्रे नावाच्या डॉक्टरांनी त्याला 'फिरतं वेड' अशा अर्थाचं नाव दिलं. उन्माद, मग उदासी, मग मधला बरा काळ, आणि पुन्हा तेच चक्र. पुढे जर्मनीत क्रेपेलिन यांनी एकेका रुग्णाची वर्षानुवर्षांची नोंद ठेवली. 1899 मध्ये त्यांनी उन्माद आणि अवसाद हा एकच आजार धरला, तो या लांब नोंदींच्या बळावर. आज डोळ्यांसमोर बसलेला रुग्ण पाहून हे कळलं नसतं. त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. पहिल्या-दुसऱ्या झटक्याआधी बहुधा काहीतरी घडलेलं असतं: मृत्यू, भांडण, बाळंतपण. पुढचे झटके मात्र कधीकधी काहीच न घडता येतात. 1992 मध्ये अमेरिकेतल्या रॉबर्ट पोस्ट यांनी हा विचार पुन्हा मांडला. प्रत्येक झटका पुढच्या झटक्याची वाट सोपी करतो, म्हणून सुरुवातीला ठिणगी लागते आणि नंतर ठिणगीवाचूनही पेट घेतो, असं त्यांचं म्हणणं. सगळ्यांच्या बाबतीत असं होत नाही. कुणाच्या दोन झटक्यांमधलं अंतर कमी होत जातं, कुणाचं वर्षानुवर्षं तेवढंच राहतं, कुणाला दहा वर्षं काही होत नाही. वर्षात चार किंवा जास्त झटके येऊ लागले तर त्याला वेगळं नाव आहे, पण तीही कायमची पायरी असतेच असं नाही.

हे सगळं मनात ठेवून आम्ही दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाचली. गंमत अशी, की दोन्हींवर एकच नाव आहे, शांता गोखले. 'रीटा वेलिणकर' ही त्यांची स्वतःची कादंबरी. दुसरं पुस्तक 'एम आणि हूमराव', म्हणजे जेरी पिंटो यांच्या 2012 सालच्या इंग्रजी कादंबरीचा त्यांनी केलेला मराठी अनुवाद. मूळ पुस्तकाला 2016 मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

'रीटा'मध्ये घराचा भार वाहणारी थोरली मुलगी एक दिवस कोसळते, इस्पितळात जाते आणि तिथे पडल्या पडल्या आपल्या आयुष्याचा हिशेब मांडते. कादंबरी उत्तम आहे. तिथे कोसळणं हे एक दार आहे, आणि दारापलीकडे रीटा स्वतःला सापडते. रीटाला बायपोलर होता असं आम्ही म्हणत नाही, कादंबरीही म्हणत नाही. मुद्दा आकाराचा आहे. एकदा कोसळणं कादंबरीच्या फार सोयीचं असतं, त्याला अर्थ देता येतो. सहाव्यांदा कोसळण्याला काय अर्थ देणार?

'एम आणि हूमराव' तिथून सुरू होते. माहीमच्या एका लहानशा फ्लॅटमध्ये चौघं राहतात. आई इमेल्डा, म्हणजे एम. कमी बोलणारे, हुंकार भरणारे वडील. मुलगी सुझन. आणि गोष्ट सांगणारा मुलगा, ज्याचं नाव आपल्याला कळत नाही. मूळ गोव्याकडचं ख्रिस्ती कुटुंब. आई बिड्या ओढते, चहा पिते, वाट्टेल ते बोलते, आणि मग एखाद्या काळात मरण मागते. शीर्षकातला 'राव' आम्हाला फार आवडला. इंग्रजीत तिथे 'बिग' आहे. बाईंनी 'मोठा' असं न करता घरातल्या माणसाला मराठी पद्धतीनं मान दिला, आणि त्यात थोडी थट्टाही ठेवली.

या कादंबरीचं मोठं काम तिच्या रचनेत आहे. ती सरळ पुढे जात नाही. जे.जे.चा वॉर्ड, मग आईबापांची लांबलेली प्रेमकहाणी, मग पुन्हा वॉर्ड, जुनी पत्रं, पुन्हा घर. काही समीक्षकांना हे विस्कळीत वाटू शकेल. आम्हाला वाटतं, अशा घरात काळ असाच जातो. कुठला झटका तिसरा आणि कुठला पाचवा हे घरच्यांना आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की त्या वेळी दहावीची परीक्षा होती, किंवा त्या वेळी पाहुणे आले होते.

आता कारणाचा प्रश्न. मुलाच्या मनात रुतून बसलंय, की आईचं बिघडणं त्याच्या जन्मानंतर सुरू झालं. बाळंतपण ही ठिणगी असू शकते, हे वैद्यकही मान्य करतं. पण वर्षं जातात तसं कारण सापडेनासं होतं, आणि घर मात्र शोधत राहतं. काल कोण काय बोललं? कुणी चिडवलं? आपल्याकडच्या घरांतही हेच चालतं. सुनेमुळे झालं, नोकरी गेली म्हणून झालं, कापसाला भाव मिळाला नाही म्हणून झालं. पहिल्या वेळी ते खरंही असेल. सातव्या वेळी ते खरं असायची गरज नसते, आणि तेवढ्यासाठी एखाद्या सुनेला आयुष्यभर बोल ऐकावे लागतात. साहित्यानं वेळ चुकीचा मोजला की अशी माणसं भरडली जातात, म्हणून आम्ही एवढ्या अट्टाहासानं बोलतोय.

दुसरी बाजू गोळ्यांची. अमरावती-बडनेऱ्यात आम्ही हे वाक्य किती घरांतून ऐकलंय: ''आता बरा हाय ना तो, मंग गोळी कायले?'' हे वाक्य अडाणीपणातून येत नाही, ते गोष्टींमधून येतं. गोष्टीत माणूस बरा झाला की संपतं, मग गोळ्याही संपल्या पाहिजेत! लिथियमचा उन्मादावरचा उपयोग ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी 1949 मध्ये दाखवला. पण त्याची खरी किंमत नंतर कळली: पुढचे झटके टाळायला ते वर्षानुवर्षं चालू ठेवावं लागतं. त्यासाठी रक्तातलं प्रमाण तपासावं लागतं, मूत्रपिंडं आणि थायरॉइडवर लक्ष ठेवावं लागतं. थोडं विषय सोडून सांगतो, कारण मे महिना वऱ्हाडातला आहे. पारा 45 वर गेला, घाम गेला, पाणी-मीठ कमी पडलं, की रक्तातलं लिथियम वाढू शकतं. हातपाय जास्त थरथरायला लागले, उलट्या-जुलाब झाले, तोल जायला लागला, तर ''ऊन लागलं'' म्हणून कांदा हुंगवत बसू नका, डॉक्टरकडे न्या. अंगदुखीच्या काही साध्या गोळ्यांनीही, आयब्युप्रोफेनसारख्या, ते वाढतं. माहीमच्या दमट हवेतल्या कादंबरीत हा प्रसंग येणार नाही. आपल्याकडच्या कादंबरीत यायला हवा होता, पण ती कादंबरी कुठे आहे?

'एम आणि हूमराव'वर आमचा आक्षेपही आहे. एम फार छान बोलते. उन्मादातलं तिचं बोलणं इतकं धारदार, इतकं हसवणारं आहे, की वाचक तिच्या उन्मादाची वाट पाहायला लागतो. आम्हीही पाहिली. प्रत्यक्षात काय असतं? अमेरिकेत जड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 146 रुग्णांची सरासरी 12.8 वर्षं आठवड्या-आठवड्यानं नोंद ठेवली. 2002 मध्ये ती छापून आली. जवळजवळ निम्मे आठवडे लोकांना काही ना काही लक्षणं होती. उदासीचे आठवडे 32 टक्के, उन्मादाचे 9 टक्के. आपल्या देशातल्या पाहण्यांत उन्मादाचं पारडं यापेक्षा जड दिसतं, हेही खरं. पण वय वाढतं तसं अनेक घरांत उन्माद विरळ होतो आणि मागे एक मंद, करडी उदासी उरते. पूर्ण आजारी नाही, पूर्ण बरी नाही. आंघोळ टळते, जेवण अर्धं राहतं, बोलणं संपतं. त्यात विनोद नाही आणि संवाद तर नाहीच. कादंबरीकाराला बोलणारं पात्र हवं असतं, म्हणून साहित्यात उन्मादाला मोठी जागा मिळते आणि या करड्या वर्षांना दोन ओळी. पिंटोंनी मरण मागणारी एम दाखवली, ती पानं वाचवत नाहीत. पण नुसतीच गप्प बसलेली एम त्यांनी कमी दाखवली.

त्या गप्प वर्षांचा भार कादंबरीत खरं तर हूमराव उचलतात, आणि ते दाखवायला पिंटो चुकत नाहीत. हा माणूस कामावर जातो, परत येतो, बिलं भरतो, इस्पितळात जातो, पुन्हा कामावर जातो. हे सगळं एका पगारावर चालतं. आम्ही वाचताना सारखा हिशेब करत होतो. राज्यातली चार जुनी सरकारी मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. बडनेऱ्याहून नागपूरची गाडी पकडायची म्हणजे एका माणसाचा एक दिवस आणि मजुरी गेली. वर्षातून किती खेपा, किती वर्षं? प्रेम सगळ्यांकडे असतं. हूमरावांकडे प्रेमाबरोबर पगारी नोकरी होती.

शेवटचं पात्र तो मुलगा. आईचं मन आपल्या रक्तात उतरलं असेल का, या भीतीनं तो स्वतःच्या प्रत्येक आनंदाकडे संशयानं पाहतो. वैद्यकाच्या भाषेत सांगायचं तर सख्ख्या नात्यात धोका वाढतो, तरी अशा आईबापांच्या बहुसंख्य मुलांना हा आजार होत नाही. त्या मुलाला हा आकडा दिला असता तर तो शांत झाला असता का? आम्हाला नाही वाटत. तो अजून तरुण आहे, आणि आईकडे बघून एवढंच शिकलाय, की पंधरा बऱ्या दिवसांवरून सोळाव्याबद्दल काही सांगता येत नाही.